मीठ वाढवलं की लिक्विड पातळ का होतं?

रानवाट:

नमस्कार मंडळी. पाटण तालुक्यात आमचा बचत गट आहे, भांडी घासायचं लिक्विड बनवून आठवडी बाजारात विकतो. प्रशिक्षणात दिलेला फॉर्म्युला असा: १०० लिटरच्या बॅचला ॲसिड स्लरी (मळ काढणारं घट्ट आम्ल) ८ किलो, ती कॉस्टिक सोड्याने पीएच ७ पर्यंत मारायची, म्हणजे आम्लपणा घालवायचा, मग स्लेस (सोडियम लॉरेथ सल्फेट, फेस करणारं द्रव्य) पेस्ट ५ किलो, युरिया २ किलो, शेवटी मीठ २ किलो. रंग आणि लिंबाचा वास आवडीप्रमाणे.

डिसेंबरात याच मापाने मधासारखं दाट लिक्विड व्हायचं. आता एप्रिलमध्ये तेच माप, तोच दुकानदार, आणि बाटलीतून पाण्यासारखं ओघळतंय. गटातल्या एका ताईंनी आणखी किलोभर मीठ टाकून पाहिलं, तर आणखी पातळ झालं आणि थोडं गढूळही. मीठ घट्ट करायलाच घालतात ना? मग हे उलटं कसं? गिऱ्हाईक म्हणतं, "पाणी घालताय."

खारेदाणे:

मिठाचा धागा आणि मी नाही, असं कसं होईल. हजेरी लावून जातो. जाणकार येईपर्यंत शेंगा सोलतो.

कडूलिंब:

सरळ सांगायचं तर हा सगळा दिखावा आहे. घट्टपणाचा आणि भांडी निघण्याचा काही संबंध नाही. कंपन्या दोन रुपयांचं मीठ घालून पाणी दाट करतात आणि आपण "दाट म्हणजे दमदार" म्हणून पैसे मोजतो. शाम्पूचंही तेच. ताई, पातळच विका आणि लोकांना समजावून सांगा.

तळोजा_शिफ्ट:

कडूलिंब यांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. घट्टपणावर सफाई ठरत नाही. पण "मीठ पाणी दाट करतं" हे काही खरं नाही. ग्लासभर पाण्यात हवं तेवढं मीठ विरघळवा, ते पाण्यासारखंच राहील. मीठ दाट करतं ते आत आधीच असलेल्या सर्फॅक्टंटची, म्हणजे मळ काढणाऱ्या द्रव्याची, मांडणी बदलून. रानवाट ताईंच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. शाम्पू आणि हँडवॉशच्या फॉर्म्युलेशनमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, आणि हा प्रश्न आमच्याकडे शिफ्ट बदलली की यायचाच.

स्लेस असो की स्लरी, रेणूला एक लांब तेलकट शेपटी आणि एक पाण्यात रमणारं डोकं असतं. पाण्यात त्यांचं प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलं की शेपट्या आत आणि डोकी बाहेर करून ते गोळे करतात. हे मायसेल. व्यास चार-पाच नॅनोमीटर. असे सुटे गोळे पाण्यात कितीही फिरले तरी एकमेकांना फारसे अडत नाहीत. म्हणून १० टक्के स्लेसचं नुसतं द्रावण पातळच असतं. माल भरपूर, पण घट्टपणा शून्य.

आता गोळाच का होतो? कारण स्लेसच्या आणि मारलेल्या स्लरीच्या प्रत्येक डोक्यावर ऋण भार आहे. डोकी एकमेकांना ढकलतात, प्रत्येकीला ऐसपैस जागा लागते, आणि तशी जागा जास्तीत जास्त वळलेल्या पृष्ठभागावर मिळते. म्हणून गोळा. तुम्ही मीठ घातलंत की सोडियमचे धन आयन या डोक्यांच्या आसपास गर्दी करतात आणि ढकलाढकली कमी होते. डोकी जवळ सरकतात, पृष्ठभागाला तेवढं वळण लागत नाही, गोळ्याची काठी होते, काठीचा लांबच लांब धागा होतो. जाडी तीच चार-पाच नॅनोमीटरची, लांबी मात्र शेकडो पटींनी वाढलेली. असे धागे एकमेकांत गुंतले की वाडग्यातल्या शेवयांसारखं सगळं मिळून हलायला लागतं. घट्टपणा तो हाच. बॅचमध्ये स्लेसचा एक कणही वाढलेला नाही.

१९७६ मध्ये इस्राएलाश्विली, मिशेल आणि निनहॅम यांनी हे एका साध्या गुणोत्तरात बसवलं: शेपटीचं घनफळ भागिले (डोक्याने अडवलेलं क्षेत्रफळ गुणिले शेपटीची लांबी). उत्तर एक-तृतीयांशाच्या आत असेल तर गोळे, एक-तृतीयांश ते अर्धा असेल तर धागे, अर्ध्याच्या वर गेलं की सपाट पापुद्रे. मीठ फक्त डोक्याचं क्षेत्रफळ कमी करतं, बाकी सगळं आपोआप होतं.

आता तुमची अडचण. मीठ वाढवत गेलं की घट्टपणा चढत जातो, एका जागी शिखर गाठतो आणि मग तितक्याच वेगाने उतरतो. आमच्यात याला सॉल्ट कर्व्ह म्हणतात. शिखरापलीकडे धाग्यांची लांबी कमी होते असं नाही. त्यांना फाटे फुटतात, धागा धाग्याला जोडला जातो. गोठवून काढलेल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांत असे फाटे दिसले आहेत. ऐकायला वाटतं की जाळं झालं म्हणजे आणखी घट्ट व्हायला हवं. पण हे सांधे पक्के नसतात, धाग्यावरून सरकतात. ताण आला की सांधा सरकून ताण सोडवून टाकतो, गुंता धरून ठेवत नाही. त्याहून मीठ वाढलं की सर्फॅक्टंट पाण्यात राहायलाच तयार नसतो, गढूळपणा येतो आणि पुढे थर वेगळे होतात. ताईंनी टाकलेल्या जादा किलोने बहुधा तुमची बॅच शिखराच्या उजव्या उतारावर गेली आहे.

एक सोपी परीक्षा करा. वाटीभर लिक्विड घेऊन त्यात चमचा-चमचा साधं पाणी ढवळा. पाणी घातल्यावर ते घट्ट झालं, तर मीठ जास्त झालंय. आणखी पातळ झालं, तर कारण दुसरीकडे शोधावं लागेल.

रानवाट:

दादा, पाणी घातल्यावर घट्ट झालं! गटातल्या सगळ्या बायका वाटीभोवती जमल्या होत्या, कुणाचा विश्वासच बसेना. पण मग डिसेंबरात २ किलो चालत होतं आणि आता २ किलोलाच पातळ, ते का? जादा किलो तर नंतर पडलं.

आणि एक सांगायचं राहिलं. उन्हाळ्यात नळाला पाणी कमी येतं म्हणून मार्चपासून बोअरचं पाणी वापरतोय. त्याने काही फरक पडतो का?

खारेदाणे:

हे घ्या. बोअर आलं. आता धागा रंगणार.

तळोजा_शिफ्ट:

हे मी पहिल्याच प्रतिसादात विचारायला हवं होतं, ते तुम्हीच सांगितलंत. फरक पडतो, आणि चांगलाच पडतो.

बोअरच्या पाण्यातला जडपणा म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार. सोडियमवर एक धन भार, यांच्यावर दोन. त्यामुळे डोक्यांची ढकलाढकली कमी करायला हे मिठापेक्षा कितीतरी थोडे पुरतात. म्हणजे तुमचं पाणीच थोडंफार "मीठ" घेऊन येतंय, शिखर डावीकडे सरकलंय आणि जुने २ किलो आता जास्त होत असतील. शिवाय कॅल्शियम आणि स्लरी यांचं फारसं पटत नाही, थोडा गढूळपणा त्याचाही असू शकेल. स्लेस या बाबतीत जास्त सोशीक आहे. शक्य असेल तर बॅचपुरतं नळाचं किंवा गाळून साठवलेलं पावसाचं पाणी वापरा. नसेल तर पाण्यात आधी ईडीटीए विरघळवा, कॅल्शियम तो धरून ठेवतो. बॅचच्या हजार भागांत एक भाग इथून सुरुवात करतात.

दुसरं कारण तापमान. ऊन वाढलं की धागे तुटून आखूड होतात आणि घट्टपणा झपाट्याने उतरतो. थंडीतल्या सकाळी मोजलेली बॅच आणि पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी मोजलेली बॅच यांत काही पटींचा फरक पडतो. म्हणून मोजणी नेहमी एकाच तापमानाला करायची. बाजारात उन्हात ठेवलेली बाटली पातळ दिसणारच.

तिसरं, फॉर्म्युल्यातच लपलेलं मीठ. स्लरीत थोडं सल्फ्युरिक आम्ल उरलेलं असतं. कॉस्टिकने मारलं की त्याचं सोडियम सल्फेट होतं, आणि धाग्यांच्या दृष्टीने तेही मीठच. स्लरीचा लॉट बदलला की हे प्रमाण बदलतं. तुम्ही काट्यावर २ किलो मोजता, पण आत नेमकं किती आहे ते काट्याला दिसत नाही.

आणि चौथं, मला या फॉर्म्युल्यात पटत नसलेलं: युरिया. युरिया मायसेलचे धागे मोडतो, घट्टपणा उतरवतो. थंडीत लिक्विड गढूळ होऊ नये, स्लरी नीट विरघळावी म्हणून तो घालतात, ते ठीक. पण २ किलो युरियाने उतरवायचं आणि २ किलो मिठाने चढवायचं, याला काय म्हणायचं? आधी युरिया निम्मा करून पाहा.

कडूलिंब:

मुद्दा मान्य, पाणी दाट होत नाही, मांडणी बदलते. पण गिऱ्हाइकाला फायदा काय? माझा प्रश्न तोच आहे.

तळोजा_शिफ्ट:

हातावर घेतलेला शाम्पू बोटांतून गळून जात नाही, हा फायदा. आणि धाग्यांची गंमत अशी की चोळायला लागलं की ते वाहण्याच्या दिशेने रांगेत लागतात आणि घट्टपणा एकदम कमी होतो. त्यामुळे तळहातावर थांबतो आणि डोक्यावर पसरतो, दोन्ही. पाणी पडलं की धाग्यांचे परत गोळे, धुऊन निघतो. फक्त एक गोष्ट मिठाने होत नाही. कोंड्याच्या शाम्पूतली झिंक पायरिथिऑनसारखी पूड किंवा स्क्रबचे दाणे तरंगत ठेवायचे असतील तर मिठाची दाटी पुरत नाही. धाग्यांना स्थिर आधार नसतो, ते तुटतात आणि परत जुळतात, कण हळूहळू बुडाला जातात. तिथे कार्बोमर किंवा झँथन गम लागतं.

एन्शेडेकर:

हे तुटणं-जुळणं घरी बघता येतं. पारदर्शक शाम्पूच्या बाटलीत बुडबुडे असतील तर बाटली गर्रकन फिरवून एकदम थांबवा. बुडबुडे पुढे जाऊन थोडे मागे येतात. नुसता दाट द्रव असं करत नाही, पाक तर मुळीच नाही. धागे ताणले गेलेले असतात, ते मागे ओढतात, तेवढ्यात तुटून नवे जुळतात आणि ताण विसरतात. १९८७ मध्ये मायकेल केट्स यांनी याचं गणित मांडलं, "जिवंत पॉलिमर" अशी ती कल्पना होती.

नेदरलँड्समध्ये मी राहतो त्या गावच्या ट्वेंटे विद्यापीठात शाम्पूवर एक प्रसिद्ध काम झालंय. शाम्पूची बारीक धार उंचावरून ओतली की मध्येच ती धार ढिगावरून घसरून बाजूला उडी मारते. काये नावाच्या संशोधकाने १९६३ मध्ये ही गोष्ट नोंदवली होती, इथल्या लोकांनी २००६ मध्ये वेगवान कॅमेऱ्याने ती टिपून तिचं कारण मांडलं. पडणाऱ्या धारेखाली जोर बसतो तिथला शाम्पू क्षणभर पातळ होतो, आणि धार त्या पातळ थरावरून घसरते, असं त्यांचं म्हणणं; पुढे २०१३ च्या एका प्रयोगात धारेखाली हवेचा पातळ थर असल्याचंही दिसलं. पातळ होणं मात्र वर तळोजा_शिफ्ट यांनी सांगितलेलं "चोळलं की पातळ" तेच, फक्त डोळ्यांदेखत.

खारेदाणे:

अंघोळीला अर्धा तास लागला. धार उडाली. घरच्यांनी शाम्पूची बाटली काढून घेतली आहे.

जास्वंद:

माझा प्रश्न थोडा वेगळा. मी घरच्यापुरता रिठा-शिकेकाईचा अर्क काढून शाम्पू करते. कितीही मीठ घातलं तरी दाट होत नाही. बाजारातले "सल्फेट फ्री" मात्र दाट असतात. ते कसं काय?

तळोजा_शिफ्ट:

रिठ्यातलं फेस करणारं द्रव्य म्हणजे सॅपोनिन. त्याच्या डोक्याला साखरेच्या कड्या जोडलेल्या, डोकं चांगलं मोठं, आणि त्यावर स्लेससारखा जोरदार भार नाही. मिठाने कमी व्हायला ढकलाढकलीच नाही, डोकं मुळात आकारानेच मोठं आहे. त्यामुळे मीठ काही करत नाही. जवसाचा किंवा कोरफडीचा गर घाला, ती दाटी वेगळी, पाण्यालाच दाट करणारी. टिकाऊपणा मात्र कमी, दोन-चार दिवसांपुरतं करा आणि फ्रीजमध्ये ठेवा.

सल्फेट फ्रीवाल्यांचीही डोकेदुखी हीच. स्लेसऐवजी ते जे सर्फॅक्टंट वापरतात त्यातलं डेसिल ग्लुकोसाइड साखरेचंच आहे, सल्फोसक्सिनेटचं डोकं मोठं, दोघंही मिठाला दाद देत नाहीत. मग ते पीईजी-१५० डायस्टिअरेट वापरतात. लांबलचक पाण्यात रमणारा दोर आणि त्याच्या दोन्ही टोकांना तेलकट शेपटी. एक टोक एका मायसेलमध्ये, दुसरं टोक शेजारच्या मायसेलमध्ये. गोळे गोळेच राहतात, पण एकमेकांना बांधले जातात. किंमत जास्त, गरम करून विरघळवावं लागतं, आणि म्हणून त्या बाटल्या महाग. पूर्ण कारण नव्हे, पण हेही एक.

स्लेसच्या शाम्पूतही एकट्या मिठावर कुणी राहत नाही. जोडीला कोको बीटेन, म्हणजे सीएपीबी असतं. त्याच्या डोक्यावर धन आणि ऋण दोन्ही भार. दोन ऋण डोक्यांच्या मधे जाऊन बसतं आणि त्यांना जवळ आणतं. नुसतं स्लेस किंवा नुसतं बीटेन जेवढं घट्ट होणार नाही, तेवढं दोघांचं मिश्रण होतं, आणि मीठही कमी लागतं. सायट्रिक ॲसिडने पीएच साडेपाचाकडे आणला की बीटेनचा धन भार जास्त उघडा पडतो, आणखी घट्ट. त्यामुळे पीएच आधी लावायचा, मीठ सगळ्यात शेवटी. उलट केलंत तर रात्री बरोबर वाटलेली बॅच सकाळी जेली झालेली असते.

यातही लपलेलं मीठ आहे बरं का. ३० टक्के बीटेन बनवताना त्यातच सुमारे ५ टक्के मीठ तयार होतं आणि तिथेच राहतं. १०० किलो बॅचला ७ किलो बीटेन घातलं तर ३५० ग्रॅम मीठ तुम्ही न घालताच पडलं.

कडूलिंब:

मग "मीठविरहित शाम्पू" म्हणून सलोनमध्ये विकतात, त्याचं काय? मिठाने केस गळतात असा फॉरवर्ड आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज फिरतो.

तळोजा_शिफ्ट:

शाम्पूत मीठ साधारण १-२ टक्के, तेही मिनिटभर डोक्यावर आणि मग धुऊन. समुद्राच्या पाण्यात साडेतीन टक्के असतं. मालवणात वर्षभर समुद्रात उतरणाऱ्यांची टक्कलं मोजा आणि ग्रुपवर टाका. आणि यादीत मीठ नसलं तरी बीटेन असेल तर थोडं आहेच.

जास्वंद:

सीडीईए (कोकामाइड डीईए) म्हणून एक घट्ट करायचं लिक्विड दुकानदार देतो. ते घ्यावं का?

तळोजा_शिफ्ट:

काम उत्तम करतं. भार नसलेलं लहान डोकं, धाग्यात सहज शिरतं, फेसही टिकवतं. पण त्यातल्या उरलेल्या डायइथेनॉलअमीनमुळे त्याची नाचक्की झाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ते "माणसात कर्करोगकारक असण्याची शक्यता" या, म्हणजे २बी गटात टाकलं, आणि कॅलिफोर्नियाने २०१२ मध्ये आपल्या यादीत घेतलं. २बी म्हणजे पुरावा मर्यादित आहे, घाबरून जाण्यासारखं नाही. पण अंगाला लावायच्या वस्तूत मी तरी बीटेनच घेईन, पर्याय असताना वाद कशाला. मोठ्या कंपन्याही मोनोइथेनॉलअमाइडकडे वळल्या. ते मेणासारख्या पापुद्र्यांत येतं, वितळवून घालावं लागतं.

रानवाट:

दादा, स्लेस पेस्टचं पण विचारायचं होतं. पेस्टमध्ये पाणी ओतलं की ती पातळ व्हायच्या ऐवजी रबरासारखी होते आणि गुठळ्या दोन-दोन दिवस फिरत राहतात. आम्ही काठीने बदडतो.

तळोजा_शिफ्ट:

माझा आवडता विषय. ७० टक्क्यांची पेस्ट म्हणजे सपाट पापुद्र्यांच्या चळती, वरच्या गुणोत्तरातला शेवटचा प्रकार. पापुद्रे एकमेकांवरून घसरतात, म्हणून पंपाने ओढता येते. पाणी घालून प्रमाण ३० ते ६० टक्क्यांच्या मधे आलं की पापुद्र्यांच्या काठ्या होतात आणि त्या षटकोनी रचनेत गच्च बसतात. हीच तुमची रबरी गुठळी. ३० च्या खाली गेलं की परत सुटी. म्हणून तर बाजारात स्लेस ७० टक्के किंवा २८ टक्के असंच मिळतं, मधलं कुणी विकत नाही. आपल्याकडे तारापूर-तळोज्याला गॅलेक्सी सर्फॅक्टंट्ससारखे मोठे उत्पादक आहेत, तिथूनही माल याच दोन रूपांत निघतो.

उपाय: पेस्टवर पाणी ओतू नका, पाण्यात पेस्ट सोडा. सगळं पाणी आधी ड्रममध्ये, मग पेस्ट थोडी थोडी, हळू ढवळत. पाणी कोमट असेल तर लवकर. गुठळी झालीच तर बदडू नका, झाकून रात्रभर ठेवा, सकाळी मऊ झालेली असते. बदडल्याने हवा मात्र भरते, आणि फेसाने भरलेल्या बॅचचा घट्टपणा मोजता येत नाही.

आता तुमच्या बॅचसाठी. मीठ सोडून बाकी सगळं घालून १० किलो बेस करा. त्यातले ५००-५०० ग्रॅम सहा भांड्यांत घ्या. मीठ अर्धा टक्का, एक, दीड, दोन, अडीच, तीन असं घाला, म्हणजे अडीच ग्रॅमपासून पंधरा ग्रॅमपर्यंत. भांड्यांवर आकडे लिहा, झाकून रात्रभर ठेवा, फेस बसू दे. सकाळी सगळी एकसारख्या उंच ग्लासात ओतून काचेची गोटी सोडा आणि तळाला जायला किती सेकंद लागले ते मोबाइलवर मोजा. घट्टपणा मोजायचं ब्रुकफिल्डचं महागडं यंत्र हेच काम करतं. शिखर कुठे आहे ते कागदावर दिसेल. मोठ्या बॅचला शिखराच्या थोडं अलीकडचं माप धरा, पलीकडचं कधीच नाही. अलीकडे राहिलात तर लॉटमध्ये थोडा फरक पडला तरी चिमूटभर मीठ घालून सावरता येतं.

वास आणि रंग त्या सहा भांड्यांतही घाला, विसरू नका. परफ्यूमचं तेल मायसेलमध्येच शिरतं. कुठला वास घट्ट करतो, कुठला चक्क पातळ करतो. लिंबाऐवजी मोगरा घेतलात तर वक्र पुन्हा काढावा लागेल. आणि मीठ कोरडं न टाकता पाण्यात विरघळवून घाला, नाहीतर पडतं तिथे ढेकूळ आणि बाकी ड्रम पातळ.

बिघडलेली बॅच फेकू नका. बिनमिठाची तेवढीच नवी बॅच करून त्यात जुनी मिसळा. मीठ आपोआप निम्म्यावर येईल.

कडूलिंब:

गोटीची कल्पना आवडली. कॉस्टिक हाताळताना हातमोजे, चष्मा घालता ना ताई? आणि स्लरीत कॉस्टिक सावकाश, थंड होऊ देत. हे कुणीच लिहिलं नाही म्हणून.

रानवाट:

हो, चष्मे आहेत, प्रशिक्षणातच दिलेत. दादा, कडूलिंब, सगळ्यांचे आभार. जास्वंद ताईंचं वाचून गटात विषय निघाला, हँडवॉश आणि शाम्पूही करावा का. चालेल?

तळोजा_शिफ्ट:

भांड्यांचं लिक्विड आणि शाम्पू यांत कायद्याने फरक आहे. शाम्पू, हँडवॉश हे सौंदर्यप्रसाधनांत येतात, विक्रीसाठी बनवायला औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याखाली राज्याच्या एफडीएचा (अन्न व औषध प्रशासनाचा) परवाना लागतो, जागेच्या आणि देखरेख करणाऱ्या व्यक्तीच्या अटींसकट. शिवाय प्रिझर्व्हेटिव्हचं गणित वेगळं. त्यासाठी नवा धागा काढा, इथे मीठच राहू द्या.

रानवाट:

बरं. सहा भांडी मांडलीत, दीड टक्क्याचं आत्ताच डोळ्याला सगळ्यात दाट दिसतंय, पण गोटी सकाळीच सोडणार. बोअरच्या पाण्याचा वेगळा संच पण लावला आहे, ईडीटीए घालून आणि न घालता. आकडे उद्या इथेच टाकते.

खारेदाणे:

गोट्या पोराकडून घेतल्या की विकत आणल्या, तेही लिहा.